कडब्याच्या गंजीतली मांजर आणि गाभडणाऱ्या शेळ्या

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरं

या वेळी मांजरावरचे प्रश्न एकदम इतके आलेत की बाकीची पत्रं पुढच्या अंकात घेतो. एक पत्र मोहोळकडच्या शेळीपालकाचं आहे, एक सोलापूर शहरातल्या ताईंचं. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, पण दोघांच्या घरात ज्यावरून वाद चाललाय तो जंतू एकच, टोक्सोप्लाझ्मा. म्हणून सगळं एकत्रच घेतोय, आणि पहिलं उत्तर जरा लांबेल, कारण त्यातच सगळं आहे.

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार. माझ्याकडं १८ उस्मानाबादी शेळ्या आहेत. महिन्याभरात त्यातल्या ६ गाभडल्या, सगळ्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. एकीला जुळं होतं, एक करडू मेलेलं आणि दुसरं वाळलेल्या खारकेसारखं काळपट आकसलेलं. शेळ्यांना ताप नाही, चारा नीट खातात. कुणी काहीतरी केलंय म्हणून घरात रोज भांडण. गावातल्या एका पोरानं मोबाईलवर बघून सांगितलं की हे मांजरामुळं होतं. आमच्या कडब्याच्या गंजीत दिवाळीत मांजर व्यायली होती, ३ पिल्लं हिंडतात. मांजराचा आणि शेळीच्या गाभाचा काय संबंध? मांजरं मारून टाकू का?
– शेळीपालक, मोहोळ तालुका

दादा, मांजरं मारू नका, आणि कुणी काही केलंय हे भांडण आजच बंद करा. त्या पोरानं सांगितलेलं बरोबर असू शकतं, पण तपासल्याशिवाय पक्कं म्हणता येत नाही, त्याचं पुढं सांगतो.

टोक्सोप्लाझ्मा हा डोळ्याला न दिसणारा एकपेशी परजीवी आहे. तो शेळीत, मेंढीत, डुकरात, उंदरात, कोंबडीत, माणसात, कुठंही राहू शकतो, पण त्याची अंडी म्हणजे बीजकोष तयार होतात ते फक्त मांजराच्या कुळातल्या जनावरांच्या आतड्यात. तुमच्या गंजीतच बघा कसं होतं. पिल्लं जरा मोठी झाली की आई त्यांना उंदीर आणून देते. त्या उंदराच्या मेंदूत, मांसात या परजीवीच्या पुट्या, म्हणजे परजीवी भरलेल्या बारीक पिशव्या, असू शकतात. पिल्लू उंदीर खातं, पुट्या पोटात फुटतात, परजीवी आतड्याच्या अस्तरात शिरून वाढतो आणि तीन ते दहा दिवसांत पिल्लाच्या शीमधून बीजकोष पडायला लागतात. एक-दोन आठवडे, फार तर तीन. तेवढ्या दिवसांत लाखो, कधी कोट्यवधी पडतात आणि मग पिल्लाच्या अंगात प्रतिकारशक्ती येते आणि पडणं थांबतं, बहुतेक वेळा जन्मभरासाठी. म्हणजे घरातली जुनी मांजर सहसा धोक्याची नसते, पहिल्यांदा शिकार करायला लागलेलं पिल्लू असतं. लोक नेमकं उलटं समजतात, म्हाताऱ्या बोक्याला हाकलतात आणि पिल्लं गोड दिसतात म्हणून गव्हाणीत खेळू देतात.

आता मांजराला शी करायला मऊ, उकरता येईल अशी जागा लागते, वरून झाकता पण आलं पाहिजे. माती, वाळू, आणि तुमचा भुसा, सरकी पेंडीचं उघडं पोतं, मक्याच्या भरड्याचा ढीग. ताजी शी लगेच लागण करत नाही हे लक्षात ठेवा. बीजकोष बाहेर पडल्यावर हवा, ओल आणि ऊब मिळाली की एक ते पाच दिवसांत पिकतो, त्याच्या आत दोन पिशव्या आणि प्रत्येक पिशवीत चार जंतू तयार होतात. तोवर शी वाळून भुकटी झालेली, चाऱ्यात मिसळलेली, कुणाला दिसतसुद्धा नाही. तो चारा शेळीनं खाल्ला की झालं. शेळी गाभण नसेल तर तिला सहसा काही होत नाही, एखाददुसरा दिवस कसर आली तर आली. पण पहिल्यांदाच लागण झाली आणि ती गाभण असली तर परजीवी रक्तातून वारेत जातो, वारेतून गर्भात. गाभाच्या सुरुवातीला झालं तर गर्भ जिरून जातो आणि आपण म्हणतो शेळी उलटली. मधल्या काळात झालं तर गाभडते किंवा करडू आत वाळून जातं, तुमच्या खारकेसारखं. शेवटच्या दिवसांत झालं तर करडं जिवंत येतात पण लुळी, उभी राहत नाहीत, आचळ धरत नाहीत. एकाच वेतात एक वाळलेलं, एक नुकतं मेलेलं, कधी तिसरं धडधाकट, असं मिळालं की टोक्सोचा संशय येतोच. चारा खाल्ल्यापासून गाभडेपर्यंत साधारण महिना-दीड महिना जातो, म्हणून कुणाला त्या भुशाची आठवण येत नाही आणि मग नजर लागली, कुणी करणी केली असली बोलणी सुरू होतात.

टोक्सोनं गाभडल्यावर पडलेली वार मी सांगोल्याकडं एका धनगर वाड्यावर पहिल्यांदा नीट बघितली. म्हातारबाबांनी टाकून न देता पाटीखाली झाकून ठेवली होती म्हणून बघायला मिळाली. बादलीत पाणी घेऊन धुतली की वारेवरची बटणं वेगळी दिसतात, गर्द लाल. त्या प्रत्येक बटणात ज्वारीच्या बारीक कण्या पेरल्यासारखे पांढरे ठिपके, दोन मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि बटणांच्या मधला पातळ पडदा मात्र एकदम स्वच्छ. हे मधला पडदा स्वच्छ असणं महत्त्वाचं, कारण क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूनं गाभडलं तर तो पडदा जाड, चिकट, चामड्यासारखा होतो. तेव्हा मी उघड्या हातानं वार धुतली होती, ते चुकीचं होतं, तुम्ही करू नका.

कारण शेळी गाभडण्याची कारणं अनेक आहेत आणि त्यातलं ब्रुसेल्ला नावाच्या जिवाणूचं सगळ्यात घातक, ते माणसाला लागतं, महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप, घाम, सांधे दुखणं. त्यामुळं कुठलीही शेळी गाभडली की हातमोजे नाहीतर निदान प्लास्टिकच्या पिशव्या हातात घाला, घरातल्या गरोदर बाईला तिथं अजिबात येऊ देऊ नका, आणि वार, मेलेलं करडू कुत्र्या-मांजरांना टाकू नका, खोल खड्डा करून चुना टाकून पुरा. मांजरानं ती वार खाल्ली तर तिला त्यातूनच लागण होऊ शकते आणि तुमच्याच गोठ्यात चक्र परत सुरू. पुरायच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा, १९६२ नंबरला केला तरी चालतो. ताजी वार आणि मेलेलं करडू बर्फाच्या डब्यात ठेवा, सोबत गाभडलेल्या शेळ्यांचं रक्त, म्हणजे डॉक्टर ते पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवू शकतात. तुमच्या पत्रात वारेबद्दल काही नाही, म्हणजे गेली असणार. पुढची गाभडली तर ठेवा.

आणि रिपोर्ट येईपर्यंत गाभडलेल्या शेळ्या बाजारात काढू नका, हे मी हात जोडून सांगतो. तालुक्याच्या बाजारात गाभडलेली म्हणून खाटकाला निम्म्या भावात गेलेली कितीतरी चांगली जनावरं मी बघितलीत. ब्रुसेल्ला निघालं तर वेगळं काढावंच लागतं, आणि दुसऱ्याच्या कळपात तर ते विकायचंच नाही. पण टोक्सो निघालं तर त्या शेळीच्या अंगात आता प्रतिकारशक्ती आलेली असते, पुढची वेतं बहुतेक नीट होतात (मेंढीत तर जवळजवळ नेहमीच, शेळीत क्वचित एखादी परत गाभडते). म्हणजे आज जी तुम्हाला नकोशी वाटतीय तीच उद्या कळपातली भरवशाची शेळी.

मांजरांचं काय करायचं? मांजर काढली की उंदीर वाढतात, महिन्याभरात शेजारची दुसरी मांजर तिथं येते, ती पण पिल्लं घालते. त्यापेक्षा एक-दोन मोठ्या मांजरी ठेवा, त्यांचं ऑपरेशन करून घ्या म्हणजे दर वर्षी गंजीत नवीन पिल्लं होणार नाहीत, खरा धोका तिथंच कमी होतो. भुसा, पेंड, भरडा झाकणाच्या पिंपात नाहीतर ताडपत्रीखाली बांधून ठेवा. गंजीचा वरचा थर आणि ज्या कोपऱ्यात मांजर व्यायली तिथल्या पेंढ्या गाभण शेळ्यांना घालू नका, बैलाला किंवा म्हशीला घाला, त्यांना याचा त्रास सहसा होत नाही. पाण्याचा हौद आठवड्याला उपसून घासा. आपलं सोलापूरचं ऊन इथं आपल्या बाजूनं आहे, वैशाखात उघड्या कोरड्या अंगणात बीजकोष फार टिकत नाहीत, पण गंजीच्या पोटात, गळक्या नळाखाली, हौदाच्या सावलीत ओल मिळाली की तेच वर्षभरसुद्धा टिकतात. फिनेल, ब्लीचिंगवर विसंबू नका, त्यानं हे मरत नाहीत. उकळतं पाणी मारतं.

प्रश्न : मी जुळे सोलापूरला राहते, तिसरा महिना चालू आहे. माझ्या माहेरून आणलेली ६ वर्षांची मांजर घरात आहे. टॉर्च टेस्टमध्ये (गरोदरपणातली रक्ततपासणी) टोक्सो आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आलं. पॉझिटिव्ह शब्द ऐकल्यापासून सासूबाईंनी जेवण सोडल्यासारखं केलंय, म्हणतात मांजर अक्कलकोट रोडला लांब नेऊन सोड. डॉक्टर मॅडम म्हणाल्या काळजीचं कारण नाही. खरं काय?
– एक वाचक, सोलापूर

ताई, तुमच्या मॅडमनी बरोबर सांगितलंय. आयजीजी आणि आयजीएम ही जंतूशी लढायला रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे हा परजीवी तुमच्या अंगात पूर्वी कधीतरी येऊन गेला, बहुतेक लग्नाच्याही आधी, तुम्हाला कळलं पण नसेल, जरा सर्दी-ताप आला असेल आणि गेला असेल. आयजीएम निगेटिव्ह म्हणजे आत्ताची ताजी लागण नाही. बाळाला धोका असतो तो गरोदरपणातच पहिल्यांदा लागण झाली तर. तुमच्या अंगात तर पहारा आधीच बसलाय. तुमचा रिपोर्ट चांगला आहे.

सासूबाईंना हे वाचून दाखवा. मावशी, तुमची भीती खोटी नाही, ज्या बाईला आधी कधीच लागण झाली नाही तिला गरोदरपणात झाली तर बाळाच्या मेंदूला, डोळ्याला इजा होऊ शकते, म्हणूनच ती टेस्ट करतात. पण ती भीती तुमच्या सुनेच्या बाबतीत नाही, आणि घरात राहिलेली, शिजवलेलं खाणारी ६ वर्षांची मांजर तर या रोगाच्या हिशेबात सगळ्यात निरुपद्रवी. रस्त्यावर सोडलेली घरची मांजर बहुतेक वेळा फार दिवस जगत नाही हो, तिला ना शिकार येते ना कुत्र्यापासून पळता येतं. माझ्याकडं अशा गाडीखाली आलेल्या मांजरी आणून देतात लोक, गळ्यात घुंगराचा पट्टा तसाच असतो.

ज्यांचं आयजीजी निगेटिव्ह आलंय त्यांनी मात्र जपायचं, मांजर असो नसो. मांजराचा लिटर ट्रे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रोज साफ करायचा, रोज म्हणजे रोजच, कारण वर सांगितलं तसं शी बाहेर पडल्यावर निदान एक दिवस तरी बीजकोष पिकायला लागतो, चोवीस तासांच्या आत टाकली तर तो पिकायच्या आधीच गेला. दुसरं कुणी नसेल तर हातमोजे घालून करा, नंतर साबणानं हात धुवा. कुंड्यांतल्या मातीत हात घालताना पण मोजे, कारण शेजारची मांजर तुमच्या तुळशीच्या कुंडीत काय करून जाते हे तुम्हाला माहीत नसतं. मांजराला कुरवाळल्यानं, मांडीवर घेतल्यानं लागण व्हायची शक्यता फार कमी, ती अंग चाटून स्वच्छ ठेवते आणि बीजकोष तिच्या केसांवर पिकेपर्यंत राहत नाही.

आणि एक गोष्ट आपल्याकडं कुणी बोलतच नाही, ती म्हणजे मटण. बऱ्याच लोकांना हा परजीवी मांजराकडून नाही, कच्च्या-अर्धकच्च्या मटणातून मिळतो. आपलं कुकरात चार शिट्ट्या झालेलं मटण एकदम सुरक्षित आहे, ६७ अंश सेल्सिअसला पुट्या मरतात आणि आपण त्याच्या कितीतरी वर शिजवतो. गडबड होते ती शिजवायच्या आधी. विळीवर मटण चिरलं, त्याच विळीवर नुसतं पुसून काकडी-कांदा चिरला, कोशिंबीर तयार. खिम्याचं मीठ बघायला चिमूटभर जिभेवर ठेवलं. कलेजी तव्यावर वरवर परतून, आत लालच असताना खाल्ली. रविवारी घराघरात हे होतं आणि आळ येतो तो मांजरावर. शेळीचं धारोष्ण दूध पण गरोदरपणात नको, उकळूनच घ्या. कोथिंबीर, मेथी, मुळा वाहत्या पाण्यात माती जाईपर्यंत धुवा.

प्रश्न : सर मी अकरावी सायन्सला आहे. हा परजीवी सगळ्या प्राण्यांत जातो तर अंडी फक्त मांजरातच का घालतो? आणि उंदराला मांजराची भीती वाटेनाशी होते हे खरं का?
– विद्यार्थी, सोलापूर

बाळा, प्रश्न फार छान आहे, आणि पहिल्याचं उत्तर शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये मिळालं. लिनोलिक आम्ल नावाचं एक मेदाम्ल असतं, करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात भरपूर. बाकीचे सस्तन प्राणी एका एन्झाइमच्या (शरीरातली रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या) मदतीनं त्याचं पुढं दुसरं काहीतरी बनवतात. मांजराच्या आतड्यात ते एन्झाइम काम करत नाही, म्हणून तिथं लिनोलिक आम्ल साचून राहतं आणि परजीवीला तोच इशारा असतो की आता आपण मांजरात आलो, नर-मादी व्हायची वेळ झाली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात संशोधकांनी घरच्या उंदरासारख्या प्रयोगशाळेतल्या उंदरांत ते एन्झाइम औषधानं बंद पाडलं, वरून लिनोलिक आम्ल खायला दिलं, आणि उंदराच्या शीत बीजकोष पडले! वाचलं तेव्हा मी दोन-तीन लोकांना फोन करून सांगितलं होतं.

दुसरं पण खरं आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००० साली दाखवलं की लागण झालेले उंदीर मांजराच्या मुताच्या वासाला घाबरत नाहीत, उलट काही त्याच्याकडं ओढले जातात. निरोगी उंदीर मात्र त्या कोपऱ्यात फिरकत नाही. यात परजीवीचा फायदा उघड आहे, उंदीर मांजराच्या पोटात गेला की त्याचं चक्र पूर्ण.

हा परजीवी सापडला १९०८ मध्ये, उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसमध्ये निकोल आणि मांसो या दोघांना, गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेन्डोरे यांना सशात. आकार धनुष्यासारखा वाकडा म्हणून टोक्सोप्लाझ्मा, ग्रीकमध्ये टोक्सॉन म्हणजे धनुष्य. पण पुढं साठ वर्षं एक कोडं सुटत नव्हतं. कच्चं मांस खाऊन लागण होते हे कळलं होतं, मग पाला-गवत खाणाऱ्या मेंढीला कुठून होते? न्यूझीलंडमध्ये १९५० च्या दशकात मेंढ्या यानं गाभडतात हे सिद्ध झालं तरी वाट सापडत नव्हती. १९७० च्या आसपास मांजराच्या शीतले बीजकोष ओळखले गेले तेव्हा कोडं सुटलं, आणि ते सोडवणाऱ्यांत भारतात पशुवैद्यक शिकलेले जितेंदर दुबे होते. ऑस्ट्रेलियाजवळच्या ज्या बेटांवर मांजरंच नव्हती तिथल्या मेंढ्यांत लागण जवळजवळ नव्हती, हे पण नंतर दिसलं. तू पशुवैद्यकाकडं यायचा विचार कर.

प्रश्न : गाई-म्हशी, कुत्रा, गावठी कोंबड्या, यांना काही होतं का? मेंढ्यांना लस असते का?
– वाचक, पंढरपूर तालुका

गाई-म्हशी याला दाद देत नाहीत, त्या गाभडल्या तर दुसरी कारणं शोधा. कोंबड्या माती उकरून खातात म्हणून लागण बरीच असते पण सहसा आजारी पडत नाहीत, एक मात्र आहे, गावठी कोंबडीच्या पुट्या खाऊन मांजराला लागण होते, तेव्हा आतडी-काळीज मांजराला कच्चं टाकू नका, उकडून द्या. कुत्र्याच्या शीतून हा पसरत नाही, मांजराची शी खाऊन मात्र तो पिकलेले बीजकोष पोटातून तसेच पुढं नेऊन टाकू शकतो. डुकराच्या मांसात पुट्या असतात, नीट शिजवा.

लस आहे, मेंढ्यांसाठी, जिवंत जंतूंची, एस ४८ जातीच्या परजीवीपासून केलेली, न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये वापरतात. गाभण जायच्या आधी टोचावी लागते. आपल्या मेंढपाळाला सध्या तरी चारा झाकणं हीच लस. मेंढ्या पावसाळ्यात चरायला बाहेर असतात तेव्हा धोका विखुरलेला असतो, पण वाड्यावर येऊन एका जागी पेंड खायला लागल्या की एका पिल्लाची एक शी पोतंभर पेंड बिघडवू शकते.

प्रश्न : मांजराची शी तपासून कळतं का तिला टोक्सो आहे का?
– वाचक, बार्शी

फारसा उपयोग होत नाही. बीजकोष पडतात आयुष्यातले एक-दोन आठवडे, नेमक्या त्याच दिवसांत शी दाखवायला आणली तरच सापडणार, आणि दुसऱ्या एका परजीवीची अंडी अगदी हुबेहूब तशीच दिसतात. रक्त तपासता येतं. मांजराच्या रक्तात आयजीजी सापडलं तर घाबरायचं नाही, तिचे ते दिवस बहुतेक होऊन गेलेत असा त्याचा अर्थ. निगेटिव्ह आलं तर ती अजून कधीही लागण घेऊ शकते, म्हणजे तिला कच्चं मांस नको, शिकारीला बाहेर नको. पिल्लू घरी आणायचं असेल आणि घरात गरोदर बाई असेल तर बाळंतपण होईपर्यंत थांबा, किंवा मोठी झालेली मांजर आणा.